जुन्या वास्तूंना गावाची शाबासकी

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मुंबईत जुन्या इमारतींच्या जतनाची काही कामे अशी झाली की त्यांची दखल जगाला घ्यावी लागली. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, गिरगावातले रॉयल ऑपेरा हाऊस, काळा घोड्याजवळचे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, भायखळा रेल्वे स्थानक आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या साऱ्यांना युनेस्कोचे आशिया-पॅसिफिक विभागाचे वारसा-जतन पुरस्कार मिळाले. बातम्या छापून आल्या, छायाचित्रे झळकली आणि विषय तिथेच संपला. दुरुस्ती कशी झाली, कोणाच्या हातांनी झाली, पैसा कुठून आला आणि परीक्षकांनी तिच्यात नेमके काय पाहिले, हे मराठी वाचकाला एका जागी वाचायला मिळत नव्हते. ती उणीव या पुस्तकाने भरून काढली आहे.

प्रत्येक वास्तूचा इतिहास पुढच्या प्रकरणांत सविस्तर येणारच आहे, त्यामुळे इथे मी तो पुन्हा सांगत नाही. मला बोलायचे आहे ते पुरस्कारांविषयी. जतनाचा आणि चांगल्या रचनेचा पुरस्कार कशासाठी द्यायचा, कोणाला द्यायचा आणि कोणी द्यायचा, या तीन प्रश्नांचा आपण फारसा विचार केलेला नाही. तो केला तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या गावाच्या हाती एक स्वस्त आणि परिणामकारक साधन येईल, असे मला मनापासून वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी. मुंबईत वारसा इमारतींचे नियम १९९५ मध्ये लागू झाले. देशातल्या कोणत्याही शहरातले ते पहिले. इमारतींची यादी झाली, श्रेणी ठरल्या, समिती नेमली गेली. शहराच्या दक्षिण भागाचा चेहरा आज बराचसा टिकून आहे, त्याचे मोठे श्रेय या नियमांना आणि त्यांच्यासाठी झगडलेल्या नागरिकांना जाते. पण नियमाला एक मर्यादा असते. अमुक पाडू नका, तमुक बदलू नका, एवढे तो सांगू शकतो. गळक्या छपराचे काय करायचे, तडा गेलेला दगड कसा सांधायचा, त्यासाठी माणूस कुठे शोधायचा, याचे उत्तर त्याच्याकडे नसते. यादीत नाव आल्यावर मालकाच्या वाट्याला परवानग्यांचे काम येते, खर्च येतो, आणि बदल्यात फारसे काही मिळत नाही.

त्यातून मुंबईत भाडेनियंत्रणाचा प्रश्न. १९४७ च्या कायद्याने बहुतेक जुनी भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. फाळणी आणि महागाईच्या काळात भाडेकरूंना त्याने आधार दिला, हे मान्यच केले पाहिजे. परंतु पुढची पन्नास-साठ वर्षे भाडे तेवढेच राहिले आणि दुरुस्तीचा खर्च मात्र वाढत गेला. मालकाला परवडेना, भाडेकरूला हक्क नाही, अशा कात्रीत हजारो इमारती सापडल्या. १९६९ मध्ये शासनाने उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढले. शहरातल्या १९ हजारांहून अधिक इमारती त्याच्या कक्षेत आल्या. मंडळाने अनेक इमारती कोसळण्यापासून वाचवल्या, पण त्या दुरुस्त्यांचा रोख माणसे वाचवण्यावर होता. सागवानी तुळईच्या जागी लोखंडी तुळई आली, नक्षीचे कठडे जाऊन साध्या भिंती आल्या, चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट चढले. इमारत उभी राहिली, पण ओळखू येईनाशी झाली. चांगली दुरुस्ती म्हणजे काय, याचा नमुनाच लोकांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

पुरस्काराचे खरे काम इथे सुरू होते. पुरस्कार हा नमुना दाखवतो. या इमारतीकडे बघा, हिची दुरुस्ती अशी झाली, आपल्यालाही असे करता येईल, हे तो चारचौघांत सांगतो. युनेस्कोने २००० मध्ये हे पुरस्कार सुरू केले, तेव्हा खासगी व्यक्तींनी आणि संस्थांनी पुढाकार घेऊन केलेल्या कामांना उत्तेजन देणे हाच त्यांचा हेतू होता. इमारत पन्नास वर्षांहून जुनी हवी आणि काम पूर्ण झाल्यावर ती किमान वर्षभर वापरात हवी, अशा अटी घातल्या गेल्या. वापराची अट मला फार मोलाची वाटते. सजवून कुलूप लावलेली इमारत तिच्यात बसत नाही. ग्रंथालयात वाचक यायला हवेत, स्थानकात गाडी थांबायला हवी, प्रार्थनागृहात प्रार्थना व्हायला हवी.

भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे उदाहरण पाहा. राणीच्या बागेतली ही इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी खुली झाली, तेव्हा तिचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय असे होते. जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड या दोघांनी तिच्यासाठी खटपट केली. १९७५ मध्ये संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव मिळाले, पण इमारतीची दशा सुधारली नाही. ओल, गळती आणि दुर्लक्ष यांनी ती पोखरली गेली. २००३ मध्ये महानगरपालिका, इन्टॅक ही वारसा-जतनाची राष्ट्रीय संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला. मालकी पालिकेची, जाणकारी इन्टॅकची, आर्थिक बळ प्रतिष्ठानचे. जतन-वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली बिडाचे खांब, रंगीत छत, फरशा आणि लाकडी कपाटे पूर्वरूपात आली. २००५ मध्ये युनेस्कोने या कामाला आपला सर्वोच्च, उत्कृष्टतेचा पुरस्कार दिला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. त्या पुरस्काराने इमारतीचा गौरव झाला, तसेच एक पद्धतही सिद्ध झाली. पालिका, जाणकार आणि देणगीदार एकत्र आले तर सार्वजनिक वास्तू वाचते, हे एकदा दिसल्यावर पुढच्या कामांना वाट सापडली. राजाबाई टॉवरच्या वेळी विद्यापीठ, इंडियन हेरिटेज सोसायटी आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस याच वाटेने गेले. त्या कामाला २०१८ मध्ये पुरस्कार मिळाला.

आता पुरस्कार कोणाला, हा प्रश्न. त्यासाठी एका साध्या कामाकडे जवळून पाहू. दगडी भिंतीच्या दरजा भरणे हे ते काम. मुंबईच्या कितीतरी जुन्या इमारती काळ्या बेसाल्टच्या, कुर्ल्याच्या नाहीतर मालाडच्या पिवळसर दगडाच्या आणि पोरबंदरी दगडाच्या आहेत. त्यांचे दगड चुन्याने सांधलेले. मधल्या काळात कोणीतरी त्या दरजांवर सिमेंट भरले. सिमेंट दगडाहून कठीण आणि पाण्याला वाट न देणारे. पावसात भिंतीत शिरलेली ओल आधी चुन्यातून वाळून जात असे, ती आता दगडातून बाहेर पडू लागते. तिच्याबरोबर येणारे क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठतात, फुगतात, आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. मजबुतीसाठी भरलेले सिमेंट दगडच खाऊन टाकते.

ही चूक दुरुस्त करायची तर आधी सिमेंट काढावे लागते. यंत्र लावले तर दगडाच्या कडा उडतात. म्हणून गवंडी बारीक छिन्नी घेऊन बसतो आणि एकेक दरज हाताने मोकळी करतो. तिकडे कळीचा चुना पाण्यात विरवून मुरत ठेवलेला असतो. तो जितका मुरेल तितका चांगला. त्यात रेती आणि विटांची सुरखी घालून घाण्यात घोटायचे. परंपरेने त्यात गुळाचे किंवा बेलफळाचे पाणीही घालतात. दरज धुऊन ओली करायची, चुना दाबून भरायचा आणि भिंतीवर ओले गोणपाट सोडून ती लवकर सुकू द्यायची नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत चुना सावकाश कठीण होत जातो. घाई केली तर तो भुसभुशीत राहतो. दिवसभर राबून एका माणसाच्या हातून थोडीच भिंत पुरी होते. पुरस्काराच्या छायाचित्रात ती भिंत दिसते, पण दरज भरणारा दिसत नाही.

राजाबाई टॉवरचाच दाखला घ्या. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावाने हा मनोरा बांधायला देणगी दिली आणि जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून त्याचे आराखडे केले, हे अनेकांना ठाऊक असते. १८७८ मध्ये तो पुरा झाला. पण त्याच्या अंगावर पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जाती-जमातींच्या माणसांचे जे पुतळे आहेत, त्यांचे नमुने मुकुंद रामचंद्र नावाच्या मराठी अभियंत्याने घडवले, हे किती जणांना माहीत आहे? बांधतानाचे हात जसे विस्मृतीत गेले, तसेच दुरुस्तीचे हातही जाऊ नयेत. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या आगा खान वास्तुकला पुरस्काराने या बाबतीत चांगला पायंडा पाडला आहे. पारितोषिकाची रक्कम वास्तुविशारदाबरोबर बांधणारे, कारागीर आणि काम करवून घेणारे यांच्यातही वाटली जाते, आणि निवडीपूर्वी जाणकार प्रत्यक्ष जागेवर जाऊन इमारत तपासतात. आपल्याकडच्या प्रत्येक जतन-पुरस्काराने या दोन गोष्टी जशाच्या तशा उचलाव्यात. मानपत्रावर पाथरवट, गवंडी, सुतार यांची नावे हवीत. त्यामुळे त्यांचा मान तर होईलच, शिवाय पुढच्या मालकाला कोणाला बोलवायचे हेही कळेल. चुन्याचे काम जाणणारा गवंडी आज सहज सापडत नाही. त्याला काम मिळत राहिले तरच त्याचा मुलगा हे काम शिकेल.

जतनाबरोबर रचनेचाही विचार हवा. जुन्याच्या शेजारी नवे बांधूच नये, असे कोणी म्हणत असेल तर त्याने ओव्हल मैदानावर उभे राहून दोन्हीकडे पाहावे. पूर्वेला एकोणिसाव्या शतकातली गॉथिक धाटणीची विद्यापीठाची आणि उच्च न्यायालयाची इमारत, पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग. त्या काळी ही रांग पूर्णपणे नवी होती. सिमेंट काँक्रीट, गोलाकार सज्जे, आडव्या पट्ट्या, समोरच्या मनोऱ्यांशी कसलेही साम्य नाही. तरी तिने उंचीचे भान ठेवले, एकमेकींशी रेषा जुळवल्या आणि मैदानाचा मोकळेपणा राखला. ३० जून २०१८ रोजी या दोन्ही बाजू मिळून जागतिक वारसा यादीत गेल्या. या रांगेतली एम्प्रेस कोर्ट आणि मरीन ड्राइव्हवरची सुना महल या इमारती गजानन म्हात्रे यांच्या. मुंबईला आधुनिक घरे देणाऱ्या या मराठी वास्तुविशारदाचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवे होते. युनेस्कोनेही पुढे आपल्या पुरस्कारांत वारसा-परिसरातल्या नव्या रचनेसाठी वेगळा विभाग केला. जुन्या वस्तीत समजूतदारपणे उभे राहिलेले नवे घर हेसुद्धा जतनाचेच काम आहे. वाड्याच्या शेजारी बारा मजले उठवण्याऐवजी गल्लीची उंची, खिडक्यांची लय आणि पडवीची सावली राखून कोणी बांधले, तर त्याचीही पाठ थोपटली गेली पाहिजे.

तिसरा प्रश्न, पुरस्कार कोणी द्यायचा. युनेस्कोचा मान मोठा आहे, पण त्याची चाळण फार मोठ्या छिद्रांची आहे. साऱ्या आशिया-पॅसिफिकमधून दरवर्षी मूठभर कामे निवडली जातात. त्यात संग्रहालये, मनोरे, देवळे, चर्चे यांचा नंबर लागतो. गिरणगावातली नीट राखलेली चाळ, खोताच्या वाडीतले लाकडी सज्ज्याचे घर, वसईतले कौलारू घर, वाईच्या घाटावरचा छोटा वाडा, गोव्यातली शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी जिवापाड जपणारे कुटुंब, यांच्यापर्यंत तो पुरस्कार पोहोचत नाही, आणि पोहोचावा अशी अपेक्षाही योग्य नाही. हे काम त्या त्या गावाचे आहे. इंग्लंडमध्ये सिव्हिक ट्रस्टने १९५९ पासून असे पुरस्कार दिले, आणि तिथल्या कित्येक लहान शहरांच्या नागरिक-संस्था आपापल्या गावापुरते पुरस्कार देतात. मुंबईत इंडियन हेरिटेज सोसायटीने नागरी वारसा पुरस्कार देऊन ही जाणीव रुजवण्याचा प्रयत्न केला. अशा प्रयत्नांची संख्या वाढली पाहिजे.

पुरस्काराच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. केनेसेथ एलियाहू सिनेगॉग देणगीदारांच्या मदतीने उजळून निघाले आणि २०१९ मध्ये पुरस्काराचे मानकरी ठरले. तिथून चालत काही मिनिटांवर एस्प्लनेड मॅन्शन उभी आहे. तेच जुने वॉटसन्स हॉटेल, जिथे ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा भारतातला पहिला खेळ झाला. बिडाच्या सांगाड्याची ही दुर्मीळ इमारत जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत गेली, तिचा काही भाग २००५ मध्ये कोसळला आणि २०१९ मध्ये रहिवाशांना बाहेर काढून ती रिकामी करावी लागली. मालकी, भाडे आणि दुरुस्तीचा पैसा यांचा गुंता जिथे सुटत नाही तिथे पुरस्कार काहीही करू शकत नाही. त्यासाठी कायदा बदलावा लागेल, दुरुस्तीसाठी स्वस्त कर्ज द्यावे लागेल, मालमत्ता करात सवलत द्यावी लागेल. पुरस्कार हा या उपायांना पर्याय नाही. मात्र हे उपाय कुठल्या दर्जाच्या कामासाठी वापरायचे, हे तो ठरवून देऊ शकतो.

दुसरी मर्यादा देखभालीची. मुंबईत वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. पाखरांच्या विष्ठेतून पिंपळाचे बी कार्निसवर पडते आणि दोन पावसाळ्यांत त्याची मुळे दगडाच्या सांध्यात उतरतात. पन्हळीत पाने तुंबली की पाणी भिंतीत मुरते. कोट्यवधींचे काम वाया घालवायला एवढे पुरे आहे. म्हणून दुरुस्ती संपताच पुरस्कार देऊन मोकळे होऊ नये. पाच वर्षांनी परीक्षकांनी परत जावे, पन्हळी पाहाव्यात, गच्ची पाहावी, आणि जिथे निगा नीट राखली असेल तिथे दुसरे मानपत्र द्यावे. दर मे महिन्यात छपरावर चढून कौले फेरणाऱ्या माणसाचा सत्कार एखाद्या नगरपालिकेने केला, तर माझ्या मते तो या क्षेत्रातला सर्वांत मोठा पुरस्कार ठरेल.

हे सारे करायला मोठा निधी लागत नाही. एखाद्या नगरपालिकेने, वाचनालयाने किंवा वास्तुकला महाविद्यालयाने वर्षातून एकदा अर्ज मागवावेत. तीन गट पुरेत : सार्वजनिक वास्तू, राहते घर आणि जुन्या वस्तीतली नवी रचना. निकष चार असावेत. मूळचे किती राखले, वापरलेले साहित्य जुन्या बांधणीला मानवणारे आहे का, केलेला बदल पुढे कोणाला काढता येईल का, आणि इमारत लोकांच्या उपयोगात आहे का. परीक्षकांत वास्तुविशारद आणि इतिहासाचा अभ्यासक हवा, तसा अनुभवी गवंडी किंवा सुतारही हवा. निवडलेल्या प्रत्येक कामाची टिपणे, मापे आणि आधीची-नंतरची छायाचित्रे वाचनालयात जमा व्हावीत. दहा वर्षांत त्या गावाकडे स्वतःच्या बांधणीचा आणि दुरुस्तीचा असा दस्तऐवज तयार होईल, जो कुठल्याही विद्यापीठात मिळणार नाही.

या पुस्तकाची मांडणी मला आवडली ती याचसाठी. त्यात वास्तूंची स्तुती आहे, पण तिच्याहून अधिक जागा कामाच्या तपशिलाला दिली आहे. कुठला दगड कुठून आला, छताचे जुने रंग कसे शोधले, कोणत्या टप्प्यावर काम अडले, हे लेखकांनी कारागिरांशी बोलून लिहिले आहे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना हे उपयोगी पडेलच, पण ज्यांच्या वाट्याला जुने घर आले आहे आणि त्याचे काय करावे ते कळत नाही, त्यांनी तर ते जरूर वाचावे.

वाचकांना शेवटी एकच विनंती. हे पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या गावातली नीट राखलेली एक तरी इमारत शोधा. तिच्या मालकाचे, तिची निगा राखणाऱ्या कारागिराचे नाव विचारून घ्या आणि ते आपल्या नगरपालिकेला लेखी कळवा. पुरस्कार नसेल, तर तो सुरू करा अशी मागणी त्याच पत्रात करा. वारसा वाचवण्याची सुरुवात अशा एका पत्रापासून होऊ शकते.